स्कँडिनेव्हियन जेवणघर आणि सासऱ्यांचे सागवानी टेबल

प्रश्न : आमचा कोल्हापुरातला बंगला सासऱ्यांनी १९८४ मध्ये बांधला. स्वयंपाकघराला लागून जेवणाची स्वतंत्र खोली आहे. ती १२ फूट बाय १० फूट असून छत १० फुटांवर आहे. मध्यभागी ६ फूट बाय साडेतीन फुटांचे सागवानी टेबल, त्यावर जाड काच, भोवती रेक्झिनच्या बैठकीच्या आठ खुर्च्या आहेत. एका लांब भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत १८ इंच खोलीचे शोकेस, त्याच्या शेजारी फ्रिज, कोपऱ्यात वॉश बेसिन, खाली मोझॅकची फरशी, भिंतींना कमरेपर्यंत ऑइल पेंट, वर मधोमध पंखा आणि उजेडासाठी एक ट्यूबलाइट. खोली अंधारी आणि दाटीची वाटते. मला स्कँडिनेव्हियन पद्धतीची सजावट मनापासून आवडते. आमच्या इंटिरिअर डेकोरेटरने तीन फूट रुंदीचे पांढऱ्या सनमायकाचे टेबल, एका बाजूला बाक, पांढऱ्या-राखाडी भिंती, मोझॅकवर लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, टेबलावर लोंबता दिवा असा आराखडा दिला आहे. बेसिन काढावे आणि जुने टेबल विकावे, असे त्याचे मत आहे. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्या एवढेच म्हणतात, ‘तुम्हाला हवं ते करा.’ गौरी-गणपतीपूर्वी काम पुरे व्हावे, अशी इच्छा आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण खोलीची आणि सामानाची मापे कळवलीत, हे फार बरे केले. कारण सजावटीविषयीच्या बहुतेक पत्रांत रंगांची नावे असतात, मापे नसतात, आणि मग सल्ला देणाऱ्याला अंदाजावर बोलावे लागते. आपल्या मापांवरून माझे पहिले निदान असे आहे की, आपली खोली टेबलामुळे दाटलेली नसून शोकेसमुळे दाटलेली आहे.

खोलीची रुंदी १० फूट, म्हणजे १२० इंच. त्यातून टेबलाचे ४२ आणि शोकेसचे १८ इंच वजा केले की ६० इंच उरतात, म्हणजे टेबलाच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी ३०. खुर्ची मागे सारून उठण्या-बसण्यासाठी टेबलाच्या कडेपासून साधारण ३० इंच पुरतात. परंतु बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कोणाला हातात भांडे घेऊन जायचे असेल, तर निदान ३६ इंच लागतात. आपल्याकडे वाढणारी व्यक्ती स्वयंपाकघरातून आमटीचे पातेले घेऊन येते आणि कोणत्या तरी एका बाजूने तिला शेवटच्या खुर्चीपर्यंत जावेच लागते, तेव्हा आपली रोजची अडचण नेमकी सहा इंचांची आहे. त्यात फ्रिज शोकेसच्याही पुढे येत असणार, म्हणून त्या कोपऱ्यात खुर्ची पुरती मागे सरतसुद्धा नसेल.

नवे टेबल तीन फूट रुंद असल्यामुळे त्यानेही सहा इंच मिळतात, हे खरे आहे आणि डेकोरेटरचे गणित त्या बाबतीत चुकलेले नाही. मात्र १८ इंचांचे शोकेस काढून त्याच भिंतीला १२ इंच खोलीचे, कमरेएवढ्या उंचीचे, लांबट बुटके कपाट केले, तर तेच सहा इंच मिळतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३६ इंचांची वाट निघते, टेबल जागेवर राहते आणि शिवाय कपाटाच्या वरची संपूर्ण भिंत मोकळी होते. खोली मोठी वाटण्यात या मोकळ्या भिंतीचा वाटा पांढऱ्या रंगापेक्षा पुष्कळ अधिक असतो. नेहमीच्या जेवणाच्या डिश १० ते ११ इंचांच्या असतात, त्या या कपाटात सहज बसतील. मोठी ताटे, परात आणि वर्षातून दोनदा निघणारी पितळी भांडी स्वयंपाकघरात किंवा माळ्यावर जातील. फ्रिजला स्वयंपाकघरात जागा करता आली तर उत्तमच, नाही तर तो आखूड भिंतीच्या कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेतून बाहेर घ्यावा.

आता आपल्या आवडीच्या शैलीकडे वळू. ती आवड आपण सोडावी असे मी मुळीच सुचवणार नाही, कारण आपल्या घराला ती आपल्याला वाटते त्याहून जवळची आहे. छायाचित्रांत दिसणाऱ्या पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड हे स्वीडन, डेन्मार्क अशा उत्तर युरोपातल्या देशांच्या हिवाळ्यातून आले आहे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डिसेंबरच्या अखेरीस तेथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तोही सूर्य क्षितिजाजवळून तिरपा फिरून जातो, म्हणून मिळेल तो उजेड भिंतींनी परत खोलीत टाकावा, ही तेथली गरज. कोल्हापूर १७ अंशांच्याही खाली आहे आणि आपला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. येथे खिडकीतून येणारे ऊन अंगावर येते, त्याला अडवण्यासाठी पडदे लावावे लागतात, आणि शुभ्र पांढऱ्या भिंतीवर पडलेले एप्रिलमधले ऊन डोळ्यांना सुखाचे होत नाही. आपली खोली अंधारी वाटते ती देशाच्या हवामानामुळे नव्हे. एक भिंत काळ्या शोकेसने व्यापल्यामुळे आणि एकुलत्या एका ट्यूबलाइटमुळे ती तशी वाटते. म्हणून त्या लोकांची पद्धत घ्यावी, म्हणजे आपल्या उजेडाचा, आपल्या लाकडाचा आणि आपल्या बसण्या-उठण्याचा विचार आधी करावा, आणि रंग मात्र आपले आपण ठरवावेत.

याला खुद्द स्वीडनमधलाच दाखला आहे. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांच्या पत्नी कारीन यांना १८८८ मध्ये कारीन यांच्या वडिलांकडून डालार्ना प्रांतातल्या सुंडबॉर्न या गावी एक लहानसे घर मिळाले. या दांपत्याने ते हळूहळू वाढवले, घरात आलेले जुने फर्निचर टाकून न देता रंगवून वापरले, कारीन यांनी कापडे विणली, आणि कार्ल यांनी त्या घराची जी जलरंगातली चित्रे काढली त्यांमुळे स्वीडिश घर म्हणजे काय याची कल्पना जगभर पोहोचली. त्या घरातले जेवणघर पांढरे नाही. त्याचे लाकूडकाम ठसठशीत लाल आणि हिरव्या रंगांत आहे. आपल्या डेकोरेटरला हे जरूर सांगावे. त्याचा हेतू वाईट नाही, पण तयार आराखडे एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जातात तेव्हा त्यांतून असली जेवणघरे गळून पडतात आणि पांढरा सनमायका तेवढा उरतो.

दुसरा दाखला आपल्या टेबलाच्या बाजूचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत डेन्मार्कच्या ज्या फर्निचरचा जगात नावलौकिक झाला, त्याचा फार मोठा भाग सागवानाचा होता. ते सागवान थायलंड, ब्रह्मदेश अशा देशांतून बोटींनी डेन्मार्कला जाई. फिन यूल यांच्यासारख्या रचनाकारांनी त्या लाकडाला प्रतिष्ठा दिली. हान्स वेग्नर यांची १९४९ ची गोल पाठीची गाजलेली खुर्ची मुळात वेताने विणलेल्या बैठकीची होती. १९६० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची दूरचित्रवाणीवर वादसभा झाली, तेव्हा हीच खुर्ची वापरली गेली. सागवान आणि वेत या दोन्ही गोष्टी कोल्हापूरच्या माणसाला परक्या नाहीत. आपल्या घरात चाळीस वर्षे मुरलेले सागवान असताना ते विकून भुशाच्या पाट्यांवर चिकटवलेला सनमायका घेणे, हे स्कँडिनेव्हियन शैलीकडे जाणे नसून तिच्यापासून लांब जाणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय रोजच्या जेवणाचाही विचार हवा. कोल्हापुरातल्या घरात तांबड्या रश्श्याचा थेंब टेबलावर पडणार नाही असा रविवार क्वचितच जात असेल. मॅट पांढऱ्या सनमायकावर हळदीचा आणि तिखटाच्या तेलाचा डाग लगेच पुसला नाही तर पिवळा होऊन बसतो, आणि सांधे व कडा सर्वांत आधी खराब दिसू लागतात. हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो, म्हणून कापडावरचा डाग वाळत घालून जातो. टेबल मात्र उन्हात नेऊन ठेवता येत नाही.

टेबलाचे काम करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. काच काढून ठेवावी आणि टेबलाच्या आखूड बाजूची कड नीट पाहावी. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवर उतरून लाकडाचा आडवा छेद दिसत असेल, तर फळी भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी मारलेली असेल आणि रेषा तेथे तुटत असतील, तर वर विनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असण्याचा संभव आहे. विनिअर एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि मशीनने घासल्यास आरपार जाते, म्हणून ते हातानेच, अगदी हलके घासावे लागते. दुसरे, टेबलाखालच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर दाबून धरावा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागले, तर ते लाखेचे जुने फ्रेंच पॉलिश आहे. त्या काळातल्या टेबलावर तेच असण्याची शक्यता अधिक. गरम पातेल्याचे पांढरे वर्तुळ उठते ते याच पॉलिशवर, आणि बहुधा त्याच भीतीने सासऱ्यांनी वर काच घातली असावी.

भरीव फळी असल्यास जुने पॉलिश काढून टेबल घासून घ्यावे. वरचा काळपट थर गेला की आतून मधासारखा रंग निघेल आणि आपल्याला छायाचित्रांत आवडलेला फिकेपणा त्यात पुष्कळसा मिळेल. पुढे काही महिन्यांत तो थोडा गडद होईल, ते सागवानाचे स्वाभाविक आहे. त्यावर पुन्हा गडद रंगाचा स्टेन देऊ नये आणि चकाकी तर मुळीच नको. डेन्मार्कमध्ये अशा टेबलांना तेल देण्याची रीत आहे. ते दिसते सुंदर आणि ओरखडा उठल्यास घरच्या घरी घासून पुन्हा तेल देता येते, परंतु तेल दिलेले लाकूड हळद पिऊन घेते. म्हणून आपल्या घरासाठी वरच्या फळीला मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि पायांना व खालच्या चौकटीला हवे असल्यास तेल, अशी तडजोड मी सुचवते. एवढे झाल्यावर काच परत घालू नका. दिव्याची तिरीप डोळ्यांवर परतवण्यात आणि खाली ओल धरून ठेवण्यात त्या काचेचा मोठा हात आहे. गरम भांड्यांखाली लाकडी चकत्या ठेवल्या की पुरे.

खुर्च्यांच्या चौकटी सागवानी आणि सांध्यांना घट्ट असतील, तर रेक्झिन काढून बैठका वेताने विणून घ्याव्यात. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेत यांच्याच खुर्च्या केल्या गेल्या, पुढे त्यांतल्या कितीतरी मोडीत निघाल्या आणि आज त्या परदेशी लिलावांत भारी किमतीला जातात. तेव्हा जुनी खुर्ची भंगारात देण्यापूर्वी दोनदा पाहणे शहाणपणाचे. वेत नैसर्गिक आहे की प्लॅस्टिकचा, हे विणणाऱ्याला आधी विचारावे. नैसर्गिक वेत उन्हाळ्यात कोरडा पडून तुटतो, त्यावर मधूनमधून ओल्या फडक्याचा हात फिरवावा लागतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरू नये म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी लागते. मुले खुर्चीवर उभी राहणारी असतील, तर त्यांच्या दोन खुर्च्यांना साधी कापडी गादी बरी. रोज आठही खुर्च्या टेबलाशी असण्याची गरज नाही. सहा ठेवून दोन इतर खोल्यांत गेल्या, तर खोली आणखी मोकळी होईल.

बाक मात्र नको. छायाचित्रात तो फार छान दिसतो, पण त्यावर मधोमध बसलेल्या माणसाला उठायचे असेल तर शेजारच्याला आधी उठावे लागते, आणि ७४ वर्षांच्या बाईंना पाठ नसलेल्या, हात टेकायला जागा नसलेल्या बैठकीवर बसवणे योग्य नाही. सासूबाईंसाठी एक हातांची खुर्ची करावी. बैठकीची उंची साधारण १८ इंच, टेबलाची ३०, म्हणजे दोहोंत १२ इंचांचे अंतर असले की जेवताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. खुर्चीचे हात टेबलाच्या चौकटीखाली जातात की नाही हे सुताराकडून आधी मापून घ्यावे, नाही तर ती खुर्ची कायम टेबलापासून लांब राहील.

त्यांच्या ‘तुम्हाला हवं ते करा’ या वाक्याला मी संमती समजणार नाही, आणि विरोधही समजणार नाही. त्यांना शैलीविषयी मत विचारले तर दुसरे काय म्हणणार? त्याऐवजी त्यांच्या कामाविषयी विचारावे. त्या गहू-तांदूळ कोठे निवडतात, भाजी कोणत्या खुर्चीवर बसून चिरतात, त्यांना स्वयंपाकघराचे दार समोर दिसायला हवे असते का, गोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या हाताशी कोठे लागतो, शोकेसमधल्या कोणत्या चार वस्तू त्यांना डोळ्यांसमोर राहायला हव्या आहेत, हे प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे त्या सविस्तर देतील. आपणही एक आठवडाभर त्या टेबलावर दिवसभरात काय काय होते ते लिहून ठेवावे. बहुतेक घरांत जेवण हा त्यातला लहान भाग निघतो. अभ्यास, इस्त्रीचे कपडे, बिलांचे कागद, लाडू वळणे असे सगळे त्यावरच चालते, आणि आठ माणसांचे टेबल त्यासाठीच उपयोगी पडत असते.

आता उजेड. आपल्या खोलीत सर्वांत मोठा फरक यानेच पडणार आहे, म्हणून येथे खर्चाचा हात आखडू नये. स्कँडिनेव्हियन जेवणघराच्या छायाचित्रात टेबलावर लोंबता दिवा असतोच. पंखा मात्र नसतो, कारण तेथे तो लागत नाही. आपल्याकडे पंखा खोलीच्या मधोमध आहे आणि वर सांगितलेल्या मांडणीत टेबलाचा मध्यही खोलीच्या मध्यापासून फक्त तीन इंच सरकतो. म्हणजे दिवा आणि पंखा दोघांनाही एकच जागा हवी आहे. पंख्याच्या शेजारी दिवा टांगला तर तो वाऱ्याने डुलत राहतो, आणि दिवा पात्यांच्या वर ठेवला तर सगळ्या ताटांवर सावल्या फिरतात. डेकोरेटरच्या आराखड्यात याचे उत्तर मला दिसले नाही.

माझे उत्तर असे की, पंखा भिंतीवर न्यावा आणि त्याच्या हुकाला दिवा टांगावा. हूक पक्का आहे, वायर तेथवर आलेली आहे, छत फोडावे लागत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत फिरत्या मानेचे दोन भिंतीवरचे पंखे, सात फुटांच्या आसपास उंचीवर लावले, तर उन्हाळ्यातही आठ माणसांना वारा पुरतो. पंख्याचा जुना रेग्युलेटर मात्र दिव्याला जोडून चालणार नाही. एलईडी बल्ब त्याने लुकलुकतो व लवकर जातो. तो काढून साधे बटण किंवा उजेड कमी-जास्त करणारा डिमर बसवावा, आणि डिमर बसवल्यास त्यावर चालणारा बल्बच घ्यावा.

दिव्याची खालची कड टेबलापासून ३० ते ३२ इंचांवर असावी. आपले टेबल ३० इंच उंच धरले, तर ती जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल. समोरच्याचा चेहराही झाकणार नाही आणि बल्बही डोळ्यांत जाणार नाही. डॅनिश रचनाकार पॉल हेनिंगसेन यांनी आयुष्यभर या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला की, जेवणाऱ्याला दिव्याचा प्रकाश मिळावा, पण दिव्याचा स्रोत कोठूनही दिसू नये. त्यांचा १९५८ चा अर्धा मीटर व्यासाचा, एकाखाली एक झडपांचा दिवा आजही तयार होतो. तो विकत घेण्याची काहीच आवश्यकता नाही. त्यामागचा नियम घ्यावा. दुकानात दिवा पसंत करताना खुर्चीवर बसून वर पाहावे आणि उभे राहूनही पाहावे, दोहोंपैकी कोणत्याही वेळी बल्ब दिसला तर तो दिवा सोडून द्यावा. शेड टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन-तृतीयांश, म्हणजे आपल्या बाबतीत २१ ते २८ इंच असावी. शेड पितळेची किंवा पत्र्याची, जराशी वजनदार घ्यावी. कागदी कंदील हलका, भिंतीवरच्या पंख्यानेही झुलेल.

बल्ब २७०० ते ३००० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा असावा आणि त्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेला असावा. आपल्या ट्यूबलाइटचा उजेड बहुधा ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा, निळसर आहे. त्याखाली तांबडा रस्सा मळकट आणि भात राखाडी दिसतो, हे आपण अनुभवले असेलच. अभ्यासाला आणि धान्य निवडायला स्वच्छ उजेड लागतो, त्यासाठी ४००० केल्व्हिनचा दुसरा दिवा त्या ट्यूबलाइटच्या जागी, वेगळ्या बटणावर ठेवावा.

फरशीवर टाइल्स घालू नका. जुन्या मोझॅकवर टाइल्स चढवल्या की जमीन पाऊण इंचाच्या आसपास वर येते, दारे खालून कापावी लागतात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेमकी अशी पायरी तयार होते, जिला वयस्क माणूस ठेचाळतो. हीच मोझॅक आज टेराझो या नावाने नव्या घरांत महागड्या दराने विकली जाते आणि ती हलक्या लाकडाशेजारी अतिशय शोभते. फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलावून ती मशीनने घासून घ्यावी. भेगा असल्यास त्याच रंगाच्या सिमेंटने भरून मग घासावी. घासताना लगदा भिंतींवर उडतो, म्हणून हे काम रंगाच्या शेवटच्या हातापूर्वी व्हायला हवे. टेबलाखाली गालिचा घालण्याचा मोह टाळावा, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात.

बेसिनही राहू द्यावे. ज्या घरांच्या छायाचित्रांत ते दिसत नाही, त्या घरांत लोक काट्या-चमच्याने जेवतात. आपण हाताने जेवतो, आणि पंगत उठल्यावर सगळ्यांनी उष्ट्या हातांनी घरभर जावे, यात कोणतीही शैली नाही. त्याच्या मागची भिंत मात्र तपासावी. तेथे ओल असेल तर नळाची गळती आणि सांधे आधी दुरुस्त करावेत, मग चार फुटांपर्यंत साध्या फिकट टाइल्स लावाव्यात. टेबलाकडच्या अंगाला उभ्या सागवानी पट्ट्यांचा अरुंद आडोसा केला, की जेवताना बेसिन नजरेस पडणार नाही.

भिंतींसाठी शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर झाक असलेला मोतिया रंग निवडावा, आणि बुटक्या कपाटामागची मोकळी झालेली भिंत एका गडद रंगात, म्हणजे गेरूचा तांबूस किंवा शेवाळी हिरवा यांपैकी सासूबाईंना आवडेल त्या रंगात करावी. राखाडी रंग पावसाळ्यातल्या कोल्हापुरात चार महिने अंगावर येईल. कमरेपर्यंतचा जुना ऑइल पेंट पॉलिश पेपरने खरवडून त्यावर प्रायमर दिल्याशिवाय नवा पाण्याचा रंग लावू देऊ नये, नाही तर वर्षभरात पोपडे सुटतील. पडद्यांसाठी इचलकरंजीचे साधे सुती कापड पुरेसे आहे.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न. हे उत्तर आपल्या हाती पडेपर्यंत पाऊस सुरू झालेला असेल, आणि दमट हवेत लाकडाचे पॉलिश पांढुरके पडते, वाळायला वेळ घेते. भिंतीच्या रंगाचेही तेच. म्हणून गौरी-गणपतीपूर्वी फक्त शोकेस रिकामे करून काढणे, फ्रिज हलवणे, वायरिंग, भिंतीवरचे पंखे आणि टेबलावरचा दिवा एवढीच कामे करावीत. सणाला पाहुणे येतील तेव्हा नव्या वाटेने वाढणे सोपे होते का, दिवा कोणाच्या डोक्याला लागतो का, हे कळेल, आणि बुटक्या कपाटाची नेमकी लांबी किती हवी तेही त्यानंतर ठरवता येईल. दसरा झाल्यावर हवा कोरडी पडू लागली की सुतारकाम, मग फरशी, मग भिंती आणि सर्वांत शेवटी टेबल-खुर्च्यांचे पॉलिश, या क्रमाने काम करून घ्यावे. डेकोरेटरकडून नवे कोटेशन मागताना ही चारही कामे वेगवेगळ्या रकमांत लिहून मागावीत, आणि टेबलाच्या पॉलिशमध्ये जुने पॉलिश काढण्याची मजुरी धरली आहे की नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.